सगळ्यांसाठी खोललेलं

शुक्रवार, संध्याकाळ

पलासियाच्या क्लिनिकचा पेशंट-डेटा दिवसभर क्लाउडवर कॉपी होतच नव्हता. तिथली लाइट गेली की इंटरनेटचा पत्ता बदलतो, आणि आम्ही परवानगी दिलेली जुन्या पत्त्याला. शेवटी आमचे मॅनेजर सक्सेनाजी वैतागले, "अरे यार, सबके लिए खोल दो. सोमवार को देखेंगे." मी खोलून दिलं. कॉपी धडाधड सुरू, सगळे कचोरी खायला.

सगळ्यांसाठी म्हणजे कोणासाठी? मध्ये फक्त एक पासवर्ड, तोही क्लिनिकच्याच नावाचा!

घरी आले तर आई बीपीची गोळी घेत होती. त्याच क्लिनिकची. तिची फाइलही त्यातच.

सगळ्यांसाठी?

आत्ता घरूनच बंद केलं. कॉपी थांबली असणार, कारण सक्सेनाजींचा फोन वाजतोय. आई म्हणते, "उचल ना गं."

उचलते. पण खोलणार नाही.