इंदापूरच्या गोदामातला जॅझ

८ जानेवारी, बारामती
जुनी गाणी पुन्हा बाजारात आणणाऱ्या ऋचाचा पुण्याहून पुन्हा फोन. आमची जुनी जॅझची कॅसेट तिला आता तबकडीवर, रेकॉर्ड म्हणून काढायची आहे. आमची कॅसेट कंपनी म्हणजे तेव्हा मी, टेपरेकॉर्डर आणि हिचे टोमणे. भजनांच्या कॅसेटी खपायच्या, त्यावर जॅझचा हट्ट पोसला. ही म्हणायची, गाढवापुढे वाचली गीता. आज असती तर पहिला फोन तिलाच...

१० जाने.
जुनी टेप काढून ऐकली. इंदापूरचं रिकामं गोदाम, मधोमध एकच माइक. नामदेवतात्या लग्नाच्या बँडचे मास्तर. जन्म वरातीत गेलेला, एका जागी उभं राहून क्लॅरिनेट वाजेचना. लागले माइकभोवती चालायला. वालचंदनगरच्या कारखान्यातले पिंटोसाहेब आधी भडकले, मग सॅक्सोफोन घेऊन उलट्या बाजूने तेही निघाले. सूर जवळ येतात, लांब जातात. माइकपाशी दोघं समोरासमोर आले की काय वाजायचं! रडू आलं, लपवायचं कुणापासून.

पिंटोसाहेब गेले. तात्या पळसदेवला मुलाकडे, अंथरुणावर. रेकॉर्ड त्यांच्या डोळ्यांदेखत निघावी, एवढंच.

१७ जाने.
ऋचाने साफ केलेली प्रत पाठवली. सगळे सूर एका पातळीत. स्वच्छ. कुणी चालतच नाही. म्हटलं, मूळचं ठेव. तिचा भागीदार म्हणतो, आवाज असा कमीजास्त झाला तर लोक रेकॉर्ड खराब आहे म्हणून परत करतील. साफ प्रत नाहीतर काहीच नाही. पोरगी भली आहे, भांडवल त्याचं.

१९ जाने.
पळसदेव. तात्यांना साफ प्रत ऐकवली. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. सुनेने ठेवलेला चहा गार झाला.
"वाजलंय ब्येस. पर ह्यात आमची गाठच पडत न्हाय."
मग नको काढायला सांगू का, विचारलं.
"काढा की. पर चालत काढा."
येताना गाडीत एकटाच हसत होतो. मग तो भागीदार आठवला, हसू गेलं.

२१ जाने.
ऋचाला कळवलं, मूळचीच काढा, नाहीतर राहू दे. भागीदाराशी बोलते म्हणाली. फोन ठेवला, लगेच परत उचलला, पण लावला नाही. तात्यांना कुठे एवढा वेळ आहे? हट्टापायी हातचं घालवतोय की काय...

२६ जाने.
तात्यांना बारामतीच्या दवाखान्यात आणलंय. भेटून आलो. नाकात नळी, बोलवत नाही. मुलगा म्हणाला, "सारखं खुणंनं इचारत्यात, रेकॉर्ड निघाली का?"
तात्या माझ्याकडेच बघत होते. निघाली, म्हणालो.
त्यांनी चादरीवर दोन बोटं हळूहळू चालवून दाखवली. मी मान डोलावली.
ऋचाचा अजून फोन नाही.