चोरून आणलेली फांदी

लातूर,
सोमवार, दुपार

ती. अक्का हिस,
तनूचा नमस्कार.

"तनू, तुझ्या हाताला दगड लागंल, झाड न्हाई लागायचं," असं तू म्हणालीस तेव्हा मी चौथीत होते, आणि माझ्या हातात तुझी उपटलेली शेवंती होती. (मुळं फुटलीत का, एवढंच बघत होते.) पुढं मी बरीच झाडं वाळवली, पण ते वाक्य काही वाळलं नाही. असो. तुझे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी घेतेस की झाडांच्या नादात राहून जाते? इकडं आम्ही बरे. फोन करायचा सोडून पत्र लिहिते आहे, कारण मी फोनवर "ये" म्हटलं की नेमकी तुझ्या धर्माबादची रेंज जाते.

तर शेजारी क्लासच्या पोरींचं चार मजली होस्टेल झालं आणि आमच्या मागच्या अंगणातलं ऊन संपलं. गुलाब गेला, मोगऱ्याला नुसती पानं राहिली, तुळस मी गच्चीवर नेली. आमच्या ह्यांनी, म्हणजे तुझ्या लाडक्या भागवतरावांनी, लगेच शहाबादी फरशी आणून भिंतीला टेकवून ठेवली. म्हणाले, "आता तिथं काय उगवून राहिलंय? फरशी टाकू, गाड्या लावू." मी म्हटलं, महालक्ष्म्यांपर्यंत थांबा. तोवर अंगण फुललं नाही तर खुशाल टाका. ते हसले. ते हसले नसते तर कदाचित मी एवढी पेटले नसते.

नर्सरीवाल्यानं सावलीतला तेरडा सांगितला. तो त्याला इम्पेशन्स म्हणतो. आपल्या शेताच्या बांधावरचाच तेरडा, पण शहरात राहून उन्हाची सवय मोडलेला. बी आणलं, शेणखत घातलं, आणि मग मी माया केली. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी सहज म्हणून पाणी. (नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळं आम्ही माणसं जपून प्यायलो.) रोपं बुडाशी काळी पडून एकेक करून लवंडली. त्यांना ओल हवी असते, पोहायला नको असतं, हे नर्सरीवाल्यानं नंतर सांगितलं.

मग तुझा नियम आठवला. मागितलेलं झाड लागत नाही, चोरलेलं लागतं. म्हणून तर कुणी मागितली तरी तू फांदी देत नाहीस, आणि कुणी चोरताना दिसलं की तोंड फिरवून उभी राहतेस. जेठातल्या एका लग्नात मंगल कार्यालयाच्या जिन्याखाली अगदी अंधारात तेरड्याच्या कुंड्या फुललेल्या दिसल्या. अक्षता पडत होत्या, सगळ्यांची पाठ होती. मी पैठणी सावरून फांदी मोडली आणि ओल्या रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली. मागून आवाज आला, "ओ बाई, काय करून राहिलात?" नवरीची आत्या. माझ्या हातातल्या अक्षता तिथंच सांडल्या. ती जवळ आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "मला बी एक मोडा की. गुलाबी." पुढचं जेवण आम्ही शेजारी बसून, एकमेकींकडं न बघता जेवलो.

फांदीला ग्लासभर पाण्यात मुळं फुटली. पण हे झाड फार नाटकी गं. जरा तहान लागली की सगळी मान टाकून पडतं. पहिल्यांदा पडलं तेव्हा मी चक्क रडले. तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, तर चहाच्या वेळेला उठून बसलं, काही झालंच नाही असं. (आपल्या सरूकाकूला लग्नघरात चक्कर यायची, तसंच.) पुढं शेंडे खुडायचे होते. माझा हात होईना. झाड नुसतं उंच उंच व्हायला लागलं. शेवटी डोळे मिटून खुडले, आणि मग ते अंगभर फुटलं. खुडलेले शेंडेच लावून कुंड्या भरत गेले आणि भागवतरावांची फरशी आडवी करून तिच्यावरच मांडत गेले. होस्टेलच्या पोरी गॅलरीतून ओरडायच्या, "काकू, आज किती फुलं?"

महालक्ष्म्यांना अंगण गुलाबी झालं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना भागवतराव स्वतः मागं नेऊन दाखवत होते, "आम्ही लावलं." शेजारच्या पार्वतीबाई म्हणाल्या, "भागवतराव, तुमची फरशी बी लई सुरेख फुलली हो!" त्यावर ते पंचामृत आणायला आत गेले. सगळ्या गेल्यावर कुंड्या बघितल्या, तर एकीची फांदी मोडलेली. अक्का, माझ्या झाडाची कुणीतरी चोरी केली! मी तिथंच पायरीवर बसले आणि तुला फोन लावला. तू म्हणालीस, "बरं झालं." आणि फांदी नीट पेरावर मोडली का, ते विचारलंस.

बाकी सर्व कुशल. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी,
तनू

ता. क. : भाऊजी गेल्यापासून तू धर्माबादच्या बाहेर पाऊल टाकलेलं नाहीस. "झाडांना पाणी कोण घालंल" म्हणतेस. तुझ्या शेजारची लक्ष्मम्मा घालेल. मी तिला विचारलं आहे. ती म्हणाली, "हाव, घालते की, पण अक्का जायला तर पाहिजेत."

ता. क. २ : उत्तरेच्या भिंतीशी, भाऊजींची खुर्ची असते तिथं, सावलीमुळं काहीच येत नाही म्हणतेस. तिथं हा तेरडा येईल. पण मी एसटीनं पाठवणार नाही आणि तू मागितलास तरी देणार नाही. नियम तुझाच. दिवाळीला ये आणि चोरून ने. तू नाहीच म्हणणार, मला माहीत आहे. तरी मागच्या फाटकाची कडी काढून ठेवते, आणि तू आलीस की तोंड फिरवून उभी राहीन.