बोलणाऱ्यांचं अनेकवचन

आण्णा, तुम्ही उपजत मुके-बहिरे, तुम्हाला तोंडानं हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून तुमच्या या लेकीनं जन्मात कधी मारली नाही. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर कागदावर मारते. तिसरी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. इकडं लोणीला सगळं बरं आहे. कांदा निघाला, थोरली नात नववीत गेली, आणि तिनं मोबाइलवर एक भाषा शिकायला घेतलीय. क्लिंगॉन म्हणतात तिला. कुठल्या देशाची म्हणून विचारलं तर म्हणते, कुठल्याच नाही, सिनेमातल्या परग्रहावरच्या लोकांसाठी कुणीतरी बसून बनवली. इथं मराठीचा अभ्यास राहिला बाजूला. पण पोरगी घसा खाकरल्यासारखी ती भाषा बोलते आणि स्वतःच हसते, तेव्हा मला नुसतं बघत बसावंसं वाटतं.

परवा आम्ही दोघी शेंगा फोडत होतो. ती म्हणाली, त्या भाषेत एकाचे अनेक करायचे तर शब्दाला शेपूट लावायचं, पण शेपटं तीन. ज्यांना बोलता येतं त्यांना ‘पू’, हातापायांसारख्या अंगाच्या भागांना ‘डू’, बाकी सगळ्यांना ‘मेय’.

“मग बैलांना काय?”

“मेय. बैल बोलत्यात व्हय गं आजी?”

“तुझ्या पणजोबांशी बोलायचे.”

“आता तू नको चालू करू.”

मी हसले खरी, पण पुढचं विचारायला जीभ उचलेना. तरी विचारलं, “आणि माणूस मुकं असलं तर?” ती हसली नाही. तिनं ओट्यावर खेळणाऱ्या धाकटीकडं पाहिलं. धाकटीला तीन वर्षं झाली आण्णा, अजून एक शब्द नाही. सोमवारी पुण्याला कानाच्या डॉक्टरकडं न्यायचीय. मुलगा एकदाच म्हणाला, “आई, आण्णांचं तर आलं नसंल ना हिच्यात?” आलं असलं तर माझ्यातूनच आलं ना. थोरली मात्र म्हणाली, “तोंडानंच बोललं पायजे असं कुठंय? भाषा आली म्हंजे झालं. पूच लागणार.”

मला लहानपणची, घाटातली बैलगाड्यांची शर्यत आठवली. भोंगा ओरडतोय, माणसं ओरडतायत, आणि तुम्ही बैलांच्या मधी गप उभे. मी उगाच बैलाला काठी मारते. तुम्ही माझं मनगट धरता, तळवा त्याच्या मानेवर ठेवता आणि सोडतच नाही. त्याची कातडी थरथरत असते. तुमचं रागावणं तेवढंच.

सून मागंच म्हणाली होती, “आई, तिच्यापुढं हातवारे नका करू. खुणांची सवय लागली तर ती तोंडच उघडायची न्हाई.” तिची भीती मला कळते, मी हो म्हटलं. पण ती रानात गेली की धाकटी माझ्या हातांकडं बघत बसते. पाणी, भाकरी, मांजर, पाऊस, तुमच्या सगळ्या खुणा तिला देऊन झाल्या. काल दुपारी ती चुलीपाशी आली आणि माझ्याकडं बघून स्वतःची कानाची पाळी दोनदा ओढली. लहानपणी माझे कान टोचले तेव्हा मी दिवसभर पाळी धरून रडले होते, तेव्हापासून तुमच्या बोलण्यात माझं नाव तेच होतं. तुमच्यामागं त्या नावानं मला कुणी बोलावलं नव्हतं. दूध उतू गेलं तरी मला भान नाही, इतका आनंद झाला.

आता धाकधूक ही, की डॉक्टर विचारतील, घरी ही काय हवं ते कसं मागते? मग सून माझ्याकडं बघेल. आणि खरंच माझ्यामुळं तिचं बोलणं अडलं असेल तर? कुणाला विचारू? तुम्हाला वाचता येत नव्हतं, हा कागदही कुठं जायचा नाही, म्हणून एवढं लिहिते. तिला वाचा फुटू दे, असं मी रोज हात जोडून मागते, मनापासून मागते. पण मग ती मला आजी म्हणेल आणि कान ओढायचं सोडून देईल, एवढं मनात आलं की माझे जोडलेले हात सैल पडतात.