नस बंद

चंद्रपूर, ९ फेब्रुवारी २०२५

उर्वशीस नमस्कार,

तुमच्या घरी सगळे बरे असतील. आम्हीही बरे आहोत. तुझ्या आणि हेमराजच्या लग्नासाठी सभागृह ठरलं, हे आईने कळवलं असेलच. फोनवर शब्द बदलतात, म्हणून लिहिते आहे.

"हेमराजची खरंच नसबंदी झाली का, ताई?" असं तू परवा फोनवर विचारलंस. नाही. माजरीच्या खाणीत वजनकाट्याच्या ड्युटीवर दिवसभर उभं राहून माझ्या भावाच्या डाव्या पायाच्या नसा फुगल्या होत्या. मी टेक्निशियन आहे त्याच दवाखान्यात त्याला लेसर केलं. गुडघ्याजवळ सुई टोचून बारीक तार नसेत घालतात आणि सोनोग्राफीवर बघत उष्णतेने ती नस आतून बंद करतात. रक्त दुसऱ्या, खोल नसांतून जातं. चिरफाड नाही. त्याच दिवशी तो चालत घरी गेला. तार जांघेच्या अलीकडे थांबते. त्यापुढे काही केलेलं नाही.

आई ब्रह्मपुरीच्या जीपमध्ये तुझ्या आत्याला, केसरबाईंना म्हणाली, "डॉक्टरनं पोराची नस बंद केली."

"लग्नाच्या आधीच? काऊन वो बाई?"

मागून कोणीतरी ओरडलं, "पाळना इकून टाका आता!" जीपभर हशा. लोक का हसले, ते आईला घरी आल्यावर कळलं.

इथपर्यंतची चूक मला समजते. पुढचं समजत नाही. तू फार्मसी शिकलीस. लेसरनंतर घालायचे घट्ट मोजे हेमराजने तुझ्याच दुकानातून घेतले. पोटरीला टेप लावून माप तूच घेतलंस. कोणती नस, हे तुला माहीत होतं. तरी विचारलंस, तेही तुझे काका शेजारी असताना, स्पीकर लावून. त्यांचं खोकणं मला ऐकू आलं.

हे लिहिणार नव्हते. काल हेमराज दवाखान्यात आला. 'मी बाप होऊ शकतो' असं डॉक्टरांकडून लिहून हवं होतं त्याला. "तिले दाखवाले पाह्यजे," म्हणाला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

तुला हे लग्न नको आहे, असा माझा संशय आहे. तसं असेल तर नको म्हण. घरी कोणी ऐकत नसेल तर मी येऊन तुझ्या बाजूने बोलेन. पण हेमराजला तू स्वतः सांग, त्याच्या तोंडावर. त्याच्या पायावर ढकलू नकोस.

अजून तुझी नणंद नसलेली,
दिव्यानी