रिकाम्या घरांची हवा

कुंभकोणम, १२ जानेवारी २०२४

चि. कल्याणराम यास गोदाअक्काचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

फोनवर रडू येते, म्हणून लिहिते. तुझे भावोजी गेले त्याला उद्या महिना. तू तेरा दिवस इथे होतास, पण विचारायचा धीर झाला नाही. तंजावरच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो पाहून विचारले होते, हे पितळ ओततात का? मी म्हटले, नाही हो, विड्याची पाने विकतात.

दोन वर्षांपूर्वी हवा मोजायला तूच आलास. आमच्या गल्लीची हवा चांगली म्हणालास. त्या भरवशावर, लेक तिरुविसनल्लूरला आपल्या गावी बोलावीत असताना आम्ही हललो नाही. तुझे यंत्र चुकले का रे?

पुण्यात थंडी असेल. कानटोपी घाल, लोक हसले तर हसोत.

माया आहेच.
तुझी अक्का

पुणे, २० जानेवारी

ती. गोदाअक्कास साष्टांग नमस्कार. वि. वि.

यंत्र चुकले नाही. ते शाळेच्या गच्चीवर होते, तिथली हवा त्याने बरोबर सांगितली. चुकलो आम्ही. प्रत्येक माणूस त्याच्या घराच्या पत्त्यावर धरला. सेतूभावोजी तर दिवसभर पितळेच्या कारखान्यासमोर दुकानात बसत. मला ठाऊक होते. पानावरची काजळी ओल्या फडक्याने पुसून त्यांनी मला तिथेच विडा दिला होता. तरी मी घरच लिहिले. कागदावर दुसरा रकाना नव्हता.

हल्ली त्या मोजणीचा नकाशा उघडला की एकशे चौदा घरांचे ठिपके दिसतात. दिवसा त्या घरांत कोणीच नसते, अक्का. मी रिकाम्या घरांची हवा मोजली आणि माणसे सुखरूप आहेत असे लिहून दिले. भावोजींचा ठिपका तुझ्या दारात आहे. तो मला पुसवत नाही. साहेबांना सांगितले, तर म्हणाले, एवढा फरक राहायचाच.

रागाव, पण तोडू नकोस.
कल्याणराम

कुंभकोणम, १८ फेब्रुवारी

चि. कल्याणराम यास आशीर्वाद.

चार दिवस तुझे नाव घेतले नाही. पाचव्या दिवशी वही घेऊन निघाले. घरोघर विचारले, दिवसभर कुठे असता? कोणी हसले, कोणी दार लावले. त्र्याऐंशी घरांनी सांगितले. शेजारची भुवनेश्वरी कारखान्याच्या भिंतीलगत इडल्या विकते, तिलाही खोकला आहे. ती म्हणाली, हे आजवर कोणी विचारलेच नव्हते.

वही पाठवते आहे. साहेबांसमोर ठेव आणि पुन्हा मोजायला ये. तुझी खोली झाडून ठेवली आहे.

पहिल्या पानावर यांचे नाव आहे. कारखान्यासमोर, सकाळी सहा ते रात्री आठ, एकतीस वर्षे. मेलेला माणूस म्हणून गाळू नकोस.

तुझी अक्का