पंधरावं नाव

२ तारीख, सोमवार

निघालो एकदाचे. आम्ही चौघं नेहमीचेच – कप्तान, इंजिनचा मिस्त्री, आचारीकाका आणि मी रंगारी. पाचवा नवीन. मालकाचा माणूस. कप्तान त्याला 'पाहुणे' म्हणाले, तेच नाव पडलं. इस्त्रीचा शर्ट, कमरेला पिस्तूल, आणि लाइफ जॅकेट स्वतःचं, घरून आणलेलं. आमची घामट जॅकेटं साहेबांना चालत नसावीत!

इथं कोणी कोणाला खरं नाव विचारत नाही. फोन नाही, फोटो नाही, लिहायचं तर मुळीच नाही. ही वही रंगाच्या खोलीत रिकाम्या डब्यात लपवतो. काय करू? कोणाशी तरी बोलावं लागतं माणसाला.

४ तारीख, बुधवार

चोरट्या मालाची खेप, म्हणून जहाजाला नवीन नाव द्यायचंय. तीन वर्षांतलं पंधरावं. आईबाप एका पोराचं नाव ठरवायला महिना घालवतात. मी सकाळी अक्षरांचे पत्र्याचे छाप काढतो आणि जेवायच्या आत मोकळा होतो. पद्धत ठरलेली – आधी जहाजाची पाठ, मग पुढून दोन्ही बाजू, मग बुडणाऱ्यानं धरायच्या त्या नारिंगी रिंगा, लाइफबोट, वल्ही, आणि सगळ्यात शेवटी काकांची स्टीलची ताटं. तपासणीवाले ताटंसुद्धा उलटी करून बघतात.

या खेपेला पाहुणा म्हणाला, जहाजाला हात लावू नको. रिंगा कर, बोट कर, वल्ही कर. रंग तेवढा खाऱ्या पाण्यात टिकणारा वापर. मला काय! दोराला लोंबकळायचं वाचलं. खुशीत शीळ घालत कामाला लागलो.

५ तारीख

ताईची फार आठवण आली. तिला वाटतं मी शहरात घरं रंगवतो. दोन महिन्यांत फोन नाही केला.

६ तारीख, शुक्रवार

काका आणि पाहुण्याचं वाजलं. काका नेहमीसारखे ताटं घेऊन आले, नाव टाक म्हणून. पाहुणा मध्ये पडला. ताटं राहू दे, म्हणे, ती भाजी चिरायची लाकडी फळी आहे ना, तिच्यावर टाक. काकांनी तोंड सोडलं – बारा वर्षं हा चमचा हातात आहे, फळी उलटी करून बघणारा तपासनीस अजून जन्माला यायचाय! पण कमरेच्या पिस्तुलाकडे बघून ताटं उचलून परत गेले. मी फळी रंगवली. जेवणात पाहुण्याच्या एकट्याच्या ताटात मीठ नव्हतं.

आणखी एक. वाकून पाहिलं तर जहाजाच्या अंगावरचा माझा लाल पट्टा पाण्याच्या वर, चांगला वीतभर. भरलेल्या जहाजाचा पट्टा पाण्याखाली असतो. मिस्त्रीही म्हणाला, इंजिनाला ओझंच लागत नाहीये. मग खालच्या कोठीत इतक्या पेट्या चढवल्या त्यात आहे काय? कोठीची किल्ली पाहुण्याकडे. दिवसातून दोनदा एकटाच खाली जातो.

७ तारीख, शनिवार

ब्रश धुताना हातातून सुटून बादलीत पडला. लाकडी दांडा – तरंगला. बघत बसलो त्याच्याकडे.

रिंगा तरंगतात. बोट तरंगते. वल्ही तरंगतात. फळी तरंगते. ताटं बुडतात.

जहाज बुडतं!

आणि मी गाढव शीळ घालत रंगवत होतो.

कप्तानांना चहाच्या निमित्तानं गाठलं. ऐकून त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी सगळं जुळवून सांगितलं – हे नाव मालकाच्या दुसऱ्या जहाजाचं आहे. ते आपण निघालो त्याच दिवशी खरा माल घेऊन भलतीकडे निघालं. आमच्या पेट्या रिकाम्या. आम्ही बुडायचं, पाण्यावर रिंगा सापडायच्या, आणि कागदोपत्री ते जहाज बुडालं म्हणायचं. माल परस्पर गायब. चौदा खेपांची गुपितं माहीत असलेली आम्ही चार तोंडंही बंद. एका दगडात किती पक्षी!

मिस्त्री बिनतारी यंत्र बघून आला. आतला एक भाग काढून नेलाय. लाइफबोटीच्या तळाची बुचंही गायब.

कप्तान म्हणाले, "तो जहाजावर आहे तोवर आपण जिवंत आहोत. त्याला न्यायला कोणीतरी येईल. ती बोट आपण धरायची. तोवर काही कळल्याचं दाखवू नका."

तेव्हापासून आम्ही पाहुण्याला इतकं जपतोय की विचारू नका. काकांनी मीठसुद्धा घातलं.

८ तारीख, रविवार

कामावर घेताना मालकानं एकच विचारलं होतं – घरी कोण? मी म्हटलं, कोणी नाही. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तिला मी एका वाक्यात पुसून टाकली. का, तर काम मिळावं. मालक हसला होता. तेव्हा मला ते हसू प्रेमळ वाटलं!

उद्या बुडालो तर ताईला कोण सांगणार? रिंगेवर दुसऱ्याच जहाजाचं नाव. त्याच्या यादीत दुसरीच माणसं. ती फोनची वाट बघत म्हातारी होईल. मरणापेक्षा मला त्याचंच जास्त भय वाटतंय.

एक गोष्ट हातात आहे. रंग.

काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, तुमचं खरं नाव काय?" चमचा हातातच राहिला. पण सांगितलं. मग म्हणाले, आई आहे, चौऱ्याऐंशीची, अजून माझ्यावर ओरडते. मिस्त्रीला दोन मुली निघाल्या, फोटो बुटात. कप्तानांना बायको. सहा वर्षं बोलत नाही, पण आहे. सगळ्यांनी मालकाला तेच सांगितलं होतं – कोणी नाही. सगळे खोटारडे! तीन वर्षं एका टेबलावर जेवलो आणि आज ओळख झाली. काका रडले. मीही.

चार रिंगा, चार नावं. भिंतीला टेकते त्या बाजूला लिहिलीत, खाली घरचा फोन नंबर. माझं अक्षर इतकं सुंदर कधी आलं नव्हतं. पाचवी रिंग त्या बाजूनं कोरी राहिली.

९ तारीख, सोमवार

सकाळपासून पाहुणा ते लाइफ जॅकेट चढवून कठड्याशी उभा. सारखा घड्याळ बघतोय. आम्ही ठरल्या जागी – मिस्त्री पान्हा घेऊन दाराआड, काका उकळतं पाणी घेऊन, मी दोराशी.

तीन वाजता बोट दिसली. जवळ आली, वेग कमी केला. पाहुण्यानं हात केला. बोटीवरच्या माणसानं दुर्बिणीतून नीट बघितलं. मोजून घ्यावं तसं. आणि बोट वळली. गेली, त्यालाही मागे टाकून! पाहुणा हाका मारत राहिला. नंतर आवाज बसला तरी हात वरच होता.

त्याला कोणी धरलं नाही. आम्ही आपापल्या जागी तसेच उभे.

तोच दिवस, सव्वातीन

रंगाच्या खोलीत पाहुणा आला. पिस्तूल कप्तानांच्या हातात देऊन आला होता. माझ्यासमोर उलट्या डब्यावर बसला आणि म्हणाला, "त्या पाचव्या रिंगेवर माझं नाव लिहिशील?" म्हणजे त्यानं बघितलं होतं. आणि काही बोलला नव्हता.

मी विचारलं, "घरी कोण?"

"मुलगी. मालकाला नाही म्हणून सांगितलं होतं."

मी ब्रश उचलला नाही. हात पुढे केला. त्यानं कोठीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि घड्याळ दाखवलं. "कोठीत सुरुंग आहे. चारचा लावलाय."