केशरी लाळेऱ्यांबद्दल

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार, तोही एकाच हाताचा. दुसऱ्या हाताला अजून तुझा केशरी रंग आहे आणि तो कागदाला लागू नये म्हणून मी तो पाठीमागे धरला आहे. भावोजींची कंबर कशी आहे? तुझा गुडघा? दिवसभर रंगाच्या पिंपांपाशी उभी राहू नकोस, स्टूल घे. मी ठणठणीत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की याला भ्रम झाला. आमच्या पाळणाघराच्या मोठ्या बाईंना तसं वाटतंच आहे.

कागद किती गुळगुळीत आहे बघितलास ना? मोठ्या बाईंनी स्वतःच्या कपाटातून काढून दिला. एक नाही, तीन दिले, आणि सांगितलं, उद्याच्या पालकसभेत वाचायला माफीनामा लिहा, अक्षर नीट काढा, डाग पाडू नका. अक्षर नीट काढतो आहे. डागही पाडलेला नाही. फक्त बाईंना लिहायच्या ऐवजी तुला लिहितो आहे, आणि माफी मागायचा माझा विचार नाही. आता तू म्हणशील, नोकरीवर पाणी सोडायचंय का? सोडायचं नाही. पण सुटलं तर सुटू दे, असं म्हणण्याइतपत मी तापलो आहे, आणि का तापलो हे सांगायला मला मुळापासून सुरुवात करावी लागेल. (भावोजींना म्हणावं, चहा टाका.)

आमच्या पाळणाघराच्या फाटकावर निळ्या अक्षरांत पाटी आहे: ‘सकाळी जसं द्याल, तसं संध्याकाळी न्याल.’ बाईंचा सगळा जीव या पाटीत आहे. मूल येतं तेव्हा इस्त्रीचं असतं आणि जातं तेव्हाही इस्त्रीचं असतं. (मधल्या वेळात त्याचं काय झालं हे कुणी विचारत नाही, कारण शर्टावर त्याचा काहीच पुरावा नसतो.) हे साधायचं कसं? तर स्वयंपाकघरातून पांढऱ्याखेरीज काही बाहेर पडू द्यायचं नाही. भात पांढरा, बटाटा सोललेला, पाव कडा कापलेला, रव्याची लापशी, दूध साय काढलेलं. कारण साय ओठाला चिकटते आणि मुलं ओठ बाहीला पुसतात. अंडं असलं तर त्यातलं फक्त पांढरं. पिवळा बलक बाहीवर सुकला की निघत नाही, म्हणून तो जातो बाईंच्या बोक्याला. तू हा बोका बघायला हवास, अक्का. अंगावर अशी तकाकी की त्याच्यात बघून दाढी करावी. मी इतकी वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रांधलं, आडदांड माणसांच्या शिव्या खाल्ल्या, पण ताटाकडे बघून झोप यावी असं जेवण पहिल्यांदा इथे केलं.

बाई वाईट आहेत असं मात्र समजू नकोस. मी यायच्या आधी एकदा सूप झालं होतं, टोमॅटोचं, आणि दुसऱ्या दिवशी एक वडील मुलाचा शर्ट मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरून आले. डाग मसुराएवढा. फाटकात उभं राहून ते इतकं बोलले की तीन मुलांची नावं त्याच आठवड्यात काढली गेली. तेव्हापासून बाईंना लाल काही दिसलं की धडकी भरते. पालकांच्या धाकाने त्या पांढऱ्या झाल्या आणि बाईंच्या धाकाने मी.

आता धडपडीबद्दल. धडपडी म्हणजे सूत गिरणीतल्या एका बाईंची मुलगी, दोन वेण्या, एक दात पडलेला. नाव मी ठेवलेलं, आणि कौतुकाने ठेवलेलं. दुपारी जेवणं झाली की झोपायच्या खोलीचे जाड पडदे ओढतात, आणि पडदे ओढले की ही पोर दिसेल त्याला अडखळायची, किंबहुना न दिसेल त्याला. कुणाच्या पोटावर पाय दे, कपाटावर कपाळ आपट, भलत्याच्याच गादीवर जाऊन झोप. झोपवणाऱ्या मावशी करवादायच्या, “अगं, डोळे कुठे ठेवून आलीस?” मी हसायचो. आणि हीच पोर सकाळी अंगणात उन्हात चेंडू असा झेलायची की मोठ्या मुलांनी तोंडात बोट घालावं. आम्हा सगळ्यांचं एकमत होतं की झोपायचं टाळायला ती नाटकं करते.

मग खोकल्याची साथ आली. (साथ कसली, आमच्याकडे खोकला कायमचा मुक्कामाला असतो, एकाचा गेला की दुसऱ्याला येतो.) बाईंनी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. त्या खोकला तपासत असताना धडपडी त्यांच्या बॅगेवर आपटली. डॉक्टरीणबाईंनी तिला उचललं, गप्प बसवलं, आणि पडदे तसेच ठेवून जमिनीवर चेंडू ठेवला. म्हणाल्या, “आण बघू.” अक्का, चेंडू तिच्या पावलापुढे होता. ती गुडघ्यांवर बसून हाताने जमीन चाचपत राहिली. मावशींनी पदर तोंडाला लावला. मी दारात पातेलं घेऊन उभा होतो, ते खाली ठेवायचंही सुचलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. अ जीवनसत्त्व म्हणून एक गोष्ट असते, ती अंगात कमी पडली की आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं, मग डोळे कोरडे पडतात, आणि तरीही कुणी लक्ष दिलं नाही तर डोळा कायमचा जातो. खोकला, जुलाब अशी दुखणीही त्या मुलांना सोडत नाहीत. हिचं आता कळलं म्हणून बरं. औषधाचा डोस देऊ, पण पोटात रोज काहीतरी जायला हवं, नाहीतर पुन्हा तेच. मग त्यांनी ताट मागवलं. ताटाकडे बघून म्हणाल्या, “यात रंग कुठे आहे?” बाई मान ताठ करून म्हणाल्या, “आमच्याकडे रंग नसतोच!” इतक्या अभिमानाने कुणी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलेला मी पाहिला नव्हता.

डॉक्टरीणबाईंना सगळीच मुलं तपासायची होती, पण आईवडिलांच्या समोर. बाईंनी निरोप धाडले. एकही पालक फिरकला नाही. कुणाची गिरणीतली पाळी, कुणाची बैठक, आणि एक गृहस्थ तर म्हणाले, आमचा मुलगा उत्तम आहे, त्याचा शर्ट बघा की.

मी मग लाल भोपळा आणला. शिजवून, घोटून, वर थोडं लोणी घालून (डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, स्निग्ध काहीतरी हवं) वाटीत वाढला. आता मुलं खातील आणि आपल्याला काका काका म्हणतील अशा भ्रमात मी होतो. अक्का, या मुलांनी ताटात रंग कधी बघितलाच नव्हता! एकाने वाटीला हात लावून हात पटकन मागे घेतला, भाजल्यासारखा. एक रडली. एकाने तो भिंतीला फासला आणि लांबून न्याहाळत बसला. धडपडीने मात्र बोट बुडवून चाखलं, विचार केला, आणि मग वाटीत तोंडच घातलं. ते बघून बाकीची सरसावली. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी काय बघितलं असेल याची कल्पना कर. पातेलं परत गेलं, मला ताकीद मिळाली: औषध द्या हवं तर, ते दिसत नाही, भोपळा दिसतो.

म्हणजे भांडण भोपळ्याशी नव्हतंच, पांढऱ्याशी होतं. मग मी विचार केला, मुलांच्या गळ्यातली लाळेरीच केशरी केली तर डाग दिसायचा कुणाला? इथे तुझा संबंध येतो. रविवारी मी तुझ्याकडे आलो, तू मला बाहुल्या करणाऱ्यांना देतेस तो फुलांचा रंग दिलास, आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, “पोटात गेला तरी बाधत नाही, आणि पक्का आहे, जन्मात जाणार नाही.” पहिलं खरं निघालं. दुसऱ्याबद्दल मी तुला हे पत्र लिहितो आहे.

तुझ्या पक्क्या रंगाने जेवणाची वेळही गाठली नाही. लाळेरं म्हटलं की लाळ आली, आणि लाळ आली की रंग निघाला. मी स्वयंपाकघरात विजयी मुद्रेने भोपळा घोटत होतो, बाई बँकेत गेल्या होत्या, आणि मावशींना जवळचा चष्मा लागतो पण त्या लावत नाहीत. मुलं जेवली, झोपली, उठली, आणि फाटक उघडलं तेव्हा आईबापांच्या स्वाधीन केली गेली ती हनुवटीपासून बेंबीपर्यंत केशरी. तळहात केशरी, कान केशरी. एका मुलाची जीभसुद्धा. मग कुणीतरी किंचाळलं, “कावीळ!”

अक्का, ज्यांना निरोपावर निरोप धाडून सवड नव्हती, ती सगळी माणसं पंधरा मिनिटांत डॉक्टरीणबाईंच्या दारात होती. एक जण मुलाला खांद्यावर टाकून पळत होता, एकीच्या पायात वेगवेगळ्या चपला होत्या, आणि शर्ट बघा म्हणणारे गृहस्थ सगळ्यांत पुढे. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच हनुवटीवर ओला कापूस फिरवला, कापसाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं, आणि कापूस मुठीत लपवला. एकेक मूल घेतलं, डोळे तपासले, मागची खोली अंधुक करून चालायला लावलं, खाणं विचारलं. सगळी तपासून झाल्यावरच म्हणाल्या, कावीळ नाही, हा नुसता रंग आहे, साबणाने जाईल. आणि मग जे खरं होतं ते सांगितलं. धडपडी एकटी नव्हती. शर्टवाल्या गृहस्थांचा मुलगासुद्धा खुर्चीला आपटला होता. ते मटकन बसले, त्याच खुर्चीत.

आता सांग, मी माफी कशाची मागू? बाई म्हणतात, पाळणाघराची अब्रू गेली. गेली असेल. पण ती धुऊन वाळत घालता येते, डोळा घालता येत नाही. बाई म्हणतात, डोस सगळ्यांना मिळाले, आता झालं गेलं विसरून पुन्हा भात-बटाटा सुरू करा आणि सभेत लेखी कबूल करा की रंगीत पदार्थ करणार नाही. मी नाही करणार कबूल. मी भोपळा करीन, गाजर करीन, पपई कापीन, पालेभाजी इतकी बारीक चिरीन की ती भिंतीवरसुद्धा शोभून दिसेल. आज सकाळी धडपडीची आई गिरणीतून परस्पर आली, अंगावर कापसाचे तंतू. मला वाटलं, आता हीपण ऐकवणार. तिने पोरीचं डागाळलेलं लाळेरं हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, “उद्या काय आहे?” मी म्हटलं, गाजर. ती म्हणाली, “मग हे धूत नाही.” आणि गेली. उद्या सभेत बाईंनी माझ्याकडे हात केला की मी उठून तेवढंच सांगणार आहे: आज गाजर आहे. काढायचं तर काढा. पातेलं माझ्या मालकीचं आहे.

तिसरा कागद इथे संपत आला. म्हणजे आता माफी मागायची म्हटली तरी सोय राहिली नाही. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. तिची पोरं भाजीतलं गाजर बाजूला काढतात असं ऐकतो, त्यांना माझ्याकडे पाठव.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच बाई स्वयंपाकघरात आल्या. मी कमरेवर हात ठेवून तयार होतो. त्यांनी माफीनाम्याचं नावही काढलं नाही. स्टुलावर बसल्या, बोक्याच्या तकतकीत पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, “उद्यापासून याला बलक द्यायचा नाही. मुलांना द्या.” मी विचारलं, आणि गाजर? “सभेनंतर बघू,” म्हणाल्या. बघू म्हणजे हो नव्हे, तेव्हा वर लिहिलेलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. बोका माझ्याशी बोलत नाही. दुपारी पडदे ओढल्यावर धडपडी त्याला ओलांडून गेली. त्याच्यावर पाय न देता. मावशींना खोटं वाटलं, म्हणून त्यांनी चष्मा लावून तिला परत एकदा चालायला लावलं.

ता. क. २. मुख्य काम राहिलंच. डॉक्टरीणबाईंना काही आठवड्यांनी सगळी मुलं पुन्हा तपासायची आहेत. बाईंनी निरोप धाडले. उत्तरं आली: पाळी आहे, बैठक आहे, आता तर बरा आहे की. तेव्हा या पत्राबरोबर येणाऱ्या माणसाकडे एक डबा रंग दे. या वेळी हिरवा. आणि अक्का, तुझ्या रंगाबद्दल वर मी जे बोललो ते मनाला लावून घेऊन पिंपात आणखी काही मिसळत बसू नकोस. मागच्यासारखाच दे. पक्का अजिबात नको.